टॉलस्टॉयचं मृत्युपत्र आणि घरातली माणसं

गेल्या अंकात मी 'द लास्ट स्टेशन' या कादंबरीविषयी लिहिलं होतं. अमेरिकन लेखक जे पारिनी यांची ही १९९० सालची कादंबरी लिओ टॉलस्टॉय यांच्या आयुष्यातल्या शेवटच्या वर्षाची, म्हणजे १९१०ची, गोष्ट सांगते. एका बाजूला पत्नी सोफिया, दुसऱ्या बाजूला पट्टशिष्य व्लादिमीर चेर्तकोव, आणि या दोघांच्या मध्ये ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा. युद्ध, खासगी मालमत्ता आणि सरकारी बळजबरी यांच्याविरुद्ध तो तीसेक वर्षं लिहीत आला होता. भांडण होतं त्याच्या लेखनाचे हक्क कुणाला जायचे यावरून. साताऱ्यात दिवाणी दावे चालवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे कादंबरीतलं मृत्युपत्र मला पात्रांइतकंच महत्त्वाचं वाटलं, असं मी लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेते.

वकीलबाई, मी निवृत्त शिक्षक आहे. महात्माजींनी आपल्यावर ज्यांचा ठसा उमटला म्हणून सांगितलं, त्यांत टॉलस्टॉय आहेत. आयुष्यभर मुलांना मी त्यांच्या गोष्टी सांगितल्या. आणि हा माणूस ब्याऐंशीव्या वर्षी बायको झोपलेली असताना मध्यरात्री घर सोडून जातो! पुस्तक वाचून मन विटलं. घरात जी टिकली नाही त्या अहिंसेला काय अर्थ?
*— एक वाचक, औंध*

गुरुजी, तुमचं मन विटलं हे मी समजू शकते. पण तुम्ही बोट ठेवलंत त्या रात्रीवर. मी ते तीन महिने आधीच्या एका दिवसावर ठेवते.

त्या रात्रीचं आधी सांगते. रशियातल्या तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे २८ ऑक्टोबरची पहाट. टॉलस्टॉयना जाग आली ती अभ्यासिकेत सोफिया कागद चाळत असल्याच्या आवाजानं. त्यांनी डॉक्टर दुशान माकोवित्स्की आणि धाकटी मुलगी साशा यांना उठवलं, घोडे जुंपायला सांगितले आणि बायकोला चिठ्ठी लिहून ठेवली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या सहवासाबद्दल त्या चिठ्ठीत तिचे आभार मानले होते. हे वाचताना मला राग आला नाही, वाईट वाटलं. त्या घरात तेव्हा कुणालाच झोप लागत नव्हती.

मी म्हणते तो दिवस २२ जुलैचा. टॉलस्टॉय घोड्यावर बसून ग्रुमाँट नावाच्या खेड्याजवळच्या जंगलात गेले. तिथे झाडाच्या बुंध्यावर बसून त्यांनी स्वतःच्या हातानं मृत्युपत्र लिहिलं. साक्षीदार तिघे, आणि तिघेही चेर्तकोवच्या गोटातले. त्यांत एक नावाजलेला पियानोवादक होता. लेखनाचे सगळे हक्क साशाच्या नावे. तिनं ते सगळ्या जगाला खुले करायचे, आणि छापण्याचं काम चेर्तकोवनं बघायचं. त्याआधीच्या वर्षी एक मृत्युपत्र झालं होतं, त्यात हक्क थेट जनतेला दिले होते. पण तसं करता येत नाही, कुणातरी माणसाच्या नावे करावं लागेल, असं वकिलानं सांगितलं, म्हणून साशाचं नाव आलं. इथपर्यंत त्या वकिलाच्या जागी मी असते तरी हेच सांगितलं असतं. पण जंगल कशासाठी? घरात टेबल नव्हतं? बायकोला कळू नये म्हणून जंगल.

गुरुजी, मृत्युपत्र गुपचूप केलं म्हणून कायद्यानं रद्द होत नाही. आपल्याकडेही दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्तीसुद्धा नाही. पण गुपचूप केलेल्या मृत्युपत्रानं घरं कशी मोडतात ते मी जवळून बघितलं आहे. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्यानं थोडी जिरायती जमीन धाकट्या मुलाच्या नावे लिहून ठेवली. बाराव्याचं जेवण उरकलं आणि कागद बाहेर आला. दोन्ही मुली माझ्याकडे आल्या. जमीन त्यांना नकोच होती, त्या हक्कसोडपत्र करून द्यायला आधीपासून तयार होत्या. थोरली सारखी एकच म्हणत होती, "आबांनी मला एका शब्दानं सांगितलं का नाही?" दावा लागला तो त्या न बोललेल्या शब्दापायी, आणि भावाबहिणींचं येणंजाणं बंद झालं ते कायमचं.

टॉलस्टॉयना हे कळलं होतं, आणि मला त्यांचा मोठेपणा इथेच दिसतो. त्या उन्हाळ्यात त्यांनी 'फक्त माझ्यासाठी' म्हणून एक वेगळी डायरी सुरू केली. सोफियाच्या हाती लागू नये म्हणून ती बुटात लपवून ठेवत. जुना मित्र आणि चरित्रकार बिर्युकोव घरी आला, त्यानं तोंडावर सांगितलं की हे चोरून केलंत ते बरं नाही. त्यावर २ ऑगस्टला टॉलस्टॉय त्या डायरीत लिहितात की आपली चूक आपल्याला नीट समजली. सगळ्या वारसांना एकत्र बसवून आपला विचार उघड सांगायला हवा होता. तसं त्यांनी चेर्तकोवला कळवलंही. तो फार नाराज झाला. मग त्याचं समाधान करता करता हा विषय मागे पडला, मृत्युपत्र तसंच राहिलं आणि तीन महिन्यांत घोडे जुंपायची वेळ आली.

त्याच सप्टेंबरात ते कोचेटीला, थोरल्या मुलीकडे, राहत होते. तिथून त्यांनी दक्षिण आफ्रिकेत, ट्रान्सवालमध्ये असलेल्या गांधींना एक मोठं पत्र लिहिलं. गांधींना त्यांनी लिहिलेल्या पत्रांतलं ते शेवटचं. प्रेमाचा नियम एकदा मानला की त्याला एकही अपवाद चालत नाही, एका ठिकाणी बळजबरीला जागा दिली की तो नियमच उरत नाही, असं त्याचं सार आहे. गांधी आणि त्यांचे मित्र कालेनबाख यांचा जोहान्सबर्गजवळचा टॉलस्टॉय फार्म नुकताच उभा राहत होता. तुम्ही विचारता, अशा अहिंसेला अर्थ काय? मी म्हणते, हे पत्र लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातला अपवाद डोळ्यांपुढे दिसत होता, आणि तो दिसला त्याच शिकवणीमुळे. शिकवण खोटी असती तर बुटातल्या डायरीत ती ओळ आलीच नसती. दोष द्यायचा तर चूक कळल्यावरही ते शिष्यापुढे नमले याचा द्या. तो दोष मीही देते, मन घट्ट करून.

आपल्या तुकोबांची कथा आठवा. परंपरा सांगते की कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवण्याआधी त्यांनी ती भावाबरोबर वाटून घेतली. कान्होबाच्या वाट्याची खतं कान्होबाला दिली आणि नदीत टाकली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. म्हणून मी तुकोबांना पक्का व्यवहारी माणूस मानते. जिजाईला तेवढ्यानं दिलासा मिळाला नाही, तिचा संसार तर ओढगस्तीचाच राहिला. पण निदान तिला उघड भांडता आलं. नवरा काय करतो आहे ते तिला आणि साऱ्या देहूला ठाऊक होतं.

आणि तुम्ही तर औंधचे. तुमच्या गावात १९३९ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी राज्यकारभार रयतेच्या हाती दिला, तेव्हा मुलगा आप्पासाहेब त्या कामात सगळ्यांच्या पुढे होता. वारसाला बरोबर घेऊन केलेला तो त्याग होता.

ताई, कादंबरीतली सोफिया मला कधी वेडी वाटते, कधी कारस्थानी. कानोसा घेते, कागद हुडकते, मरायची धमकी देते. आमच्या वाचन मंडळात सगळ्या जणी म्हणाल्या, असल्या बाईबरोबर कोण राहील? मला मात्र तिचं वाईट वाटलं. खरी सोफिया कशी होती?
*— एक वाचक, कराड*

तू मंडळात एकटी पडलीस तरी तुझंच बरोबर आहे, असं मी म्हणेन.

ती कानोसा घेत होती, कागद हुडकत होती, अफू घेईन म्हणून धमकावत होती, हे सगळं खरं आहे. त्या उन्हाळ्यात तिच्यासाठी मनोविकारांचे डॉक्टर बोलवावे लागले. यातलं काही लपवायचं कारण नाही. पण उलटतपासणी १९१०पासून सुरू करायची नसते. १८६२ला जा.

लग्न झालं तेव्हा ती अठराची, तो चौतीसचा. तेरा बाळंतपणं झाली, त्यांतली पाच मुलं लहानपणीच गेली. 'वॉर अँड पीस'चे खर्डे दिवसाचं घरकाम उरकल्यावर रात्री बसून तिनं पुन्हा पुन्हा उतरवून काढले. त्याचं ते अक्षर, ओळींवर ओळी, समासात भर, आणि हिच्या हातची स्वच्छ प्रत सकाळी पुन्हा खोडाखोडीनं भरलेली. नवऱ्यानं मालमत्तेचा विचार सोडला तेव्हा पुस्तकं छापण्याचा व्यवहार तिनं अंगावर घेतला. १८९१ साली त्याच्या एका पुस्तकावर बंदी होती. विवाहसंस्थेवर आणि बायकांवर कोरडे ओढणारं ते पुस्तक, लोक त्यात हिलाच शोधत होते. तरीही तीच राजधानीला गेली, तिसऱ्या अलेक्झांडर झारपुढे उभी राहिली आणि समग्र ग्रंथावलीत ते छापायची परवानगी घेऊन आली. त्याच वर्षी दुष्काळ पडला. तिनं वर्तमानपत्रात आवाहन लिहिलं आणि देणग्यांचा ओघ लागला. नवरा खेड्यांत अन्नछत्रं चालवत होता, ही घर सांभाळून पैशांचा हिशेब ठेवत होती. त्याच वर्षी त्यानं जाहीर केलं की १८८१नंतरच्या आपल्या लेखनावर कुणाचाही हक्क नाही, ज्याला हवं त्यानं छापावं. आधीच्या पुस्तकांचं उत्पन्न तिच्याकडे राहिलं, त्यावर घर चाललं.

मग १८९५च्या फेब्रुवारीत वानिचका गेला. सगळ्यांत धाकटा, सात वर्षांचाही नव्हता. स्कार्लेट फीव्हर. त्यानंतर ती पूर्वीची राहिली नाही, असं तिची डायरी वाचणाऱ्या कुणालाही दिसतं.

आता अशा बाईच्या मनात संशय शिरतो की हयातभर जे कागद आपण उतरवले, जपले, विकले, ते आपल्या पाठीमागे दुसऱ्याच्या हाती जाणार. आणि तो संशय शंभर टक्के खरा असतो! घरातली सगळी माणसं तिला सांगत राहतात की तसं काही नाही, तुझं डोकं फिरलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या किती बायका अशा अवस्थेत येतात काय सांगू. सात-बाऱ्यावर फेरफार झालेला असतो आणि घरी सांगितलेलं असतं की तू उगाच शंका काढतेस. त्यांचं बोलणं तुटक असतं, एकच मुद्दा दहादा येतो, मध्येच रडू फुटतं. ऐकणाऱ्याला वाटतं बाई भ्रमिष्ट आहे. उतारा काढला की कळतं, तिचंच खरं होतं.

तुमच्या मंडळात 'सत्याचे प्रयोग' असेलच. दक्षिण आफ्रिकेतून परततानाचं प्रकरण काढून वाच. लोकांनी दिलेले दागिने परत करायचे म्हणून गांधी ठरवतात, त्यांत कस्तुरबांना मिळालेला सोन्याचा हारही असतो. बा विचारतात, हार मला दिला आहे, त्यावर तुमचा काय हक्क? गांधी म्हणतात, माझ्या सेवेबद्दलच तर दिला. त्यावर बा म्हणतात, मी रात्रंदिवस तुमच्यासाठी राबले ती सेवा नाही का? हार परत गेला, बा हरल्या. पण युक्तिवाद कुणाचा सरस होता ते वकील म्हणून मी छातीठोक सांगेन. गांधींनीही तो स्वतः लिहून ठेवला, याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. सोफियाची बाजू मात्र तिची तिलाच लिहावी लागली. नवऱ्याच्या त्या पुस्तकाला उत्तर म्हणून तिनं एक दीर्घकथा लिहिली होती. ती रशियात छापून आली १९९४ साली, तिच्या मृत्यूनंतर पंचाहत्तर वर्षांनी.

घर सोडल्यावर प्रवासात टॉलस्टॉय आजारी पडले आणि आस्तापोवो स्टेशनवर उतरले, तिथेच ते गेले. तिथे काय झालं ते तू वाचलं आहेस. टॉलस्टॉय स्टेशनमास्तर ओझोलिन यांच्या घरात न्युमोनियानं पडलेले, साशा आणि चेर्तकोव आत, आणि खास गाडी करून आलेली सोफिया बाहेर. तिला आत सोडलं ते त्यांची शुद्ध हरपल्यावर. तिथे जमलेल्या कॅमेरेवाल्यांनी तिचं चित्रीकरण केलं, ते आजही बघायला मिळतं. अठ्ठेचाळीस वर्षं संसार केलेली बाई परक्या घराच्या खिडकीशी उभी राहून आत बघते आहे. मंडळातल्या मैत्रिणींना तेवढं दाखव. मग पुन्हा विचार, अशा बाईबरोबर कोण राहील म्हणून.

होऊन गेलेल्या खऱ्या माणसांच्या तोंडी कादंबरीकारानं मनाची वाक्यं घालावीत का? आमच्याकडे ऐतिहासिक कादंबऱ्यांनी काय गोंधळ घातला आहे ते आपण जाणताच. या कादंबरीत खरं किती आणि रचलेलं किती?
*— एक वाचक, विटा*

घालावीत, पण ऐकीव गोष्टींवर नव्हे, दप्तर वाचून. यास्नाया पोल्याना या टॉलस्टॉयच्या जमीनदारीतल्या त्या घरात जो तो डायरी लिहीत होता. सोफिया लिहीत होती, डॉक्टर माकोवित्स्की टिपणं ठेवत होता, त्या वर्षीच्या जानेवारीत आलेला तरुण सचिव वालेंतिन बुल्गाकोव लिहीत होता, स्वतः म्हातारा तर दोन-दोन डायऱ्या लिहीत होता. पारिनींनी कादंबरीची बांधणी तशीच केली आहे. एकेक प्रकरण एकेकाच्या तोंडून येतं. त्यामुळे निवाडा लेखक देत नाही, जबान्या आपल्यापुढे ठेवतो. एकाच जेवणाच्या टेबलाबद्दल सोफिया एक सांगते, चेर्तकोव दुसरं. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते.

बुल्गाकोव आणि माशा यांचं प्रेमप्रकरण कादंबरीकाराच्या मनातलं आहे, माशा खरी नव्हे. मला ती प्रकरणं फिकी वाटली. म्हाताऱ्या जोडप्याच्या झगड्याला तरुण जोडी उभी करायची, हा बेत जरा उघडा पडतो. आणि बुल्गाकोवला त्याची गरज नव्हती. चेर्तकोवनं पाठवलेला हा तेविशीतला पोरगा, दोन्ही बाजूंचं बघून सोफियाबद्दलही ज्याच्या मनात माया राहिली, तो तेवढ्यावरच उत्तम पात्र आहे.

चेर्तकोवला मात्र कादंबरी थोडी कमी न्याय देते. तो हेकट होता, गुरूवर हक्क गाजवणारा होता, सोफियाशी निष्ठुरपणे वागला. पण झारच्या गार्ड्स पलटणीतला लष्करी अधिकारी असून त्यानं ती नोकरी सोडली होती, छळ सोसणाऱ्या दुखोबोर पंथीयांची बाजू घेतल्यामुळे १८९७ साली त्याला देशाबाहेर जावं लागलं, आणि गुरूच्या हस्तलिखितांचा सांभाळ त्यानं प्राणपणानं केला. टॉलस्टॉय गेल्यावर साशानं आणि त्यानं अप्रकाशित लेखन छापलं. त्या पैशांतून साशानं यास्नाया पोल्यानाची जमीन कुटुंबाकडून विकत घेऊन शेतकऱ्यांना वाटली. म्हणजे ज्या कागदानं घर फोडलं त्याचा हेतू अखेर पुरा झाला. हे दोन्ही एकदम खरं आहे, आणि मला अजून त्याचा त्रास होतो.

एका ठिकाणी टॉलस्टॉयचा मृत्यू ७ नोव्हेंबरला लिहिला आहे, दुसरीकडे २० नोव्हेंबर. बरोबर कोणतं?
*— एक वाचक, वाई*

दोन्ही. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन पंचांग होतं, ते आपल्या नेहमीच्या तारखेपेक्षा तेरा दिवस मागे चालायचं. वर मी दिलेल्या रशियातल्या तारखा जुन्या पंचांगाच्या आहेत.

वकीलबाई, माझं वय अठ्ठ्याहत्तर. कवितांचे चार संग्रह आहेत, पैसा त्यांतून कधी आला नाही आणि येणारही नाही. टॉलस्टॉयप्रमाणे मलाही वाटतं की माझ्यामागे त्या कुणीही छापाव्यात, गाव्यात. आपल्या कायद्यात तसं करता येतं का?
*— एक कवी, मिरज*

काका, येतं, आणि टॉलस्टॉयना करावी लागली तशी आडवाट धरावी लागत नाही.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम २१ आहे. लेखक हयातीतच कॉपीराइट निबंधकांना विहित नमुन्यात नोटीस देऊन किंवा जाहीर नोटीस देऊन आपले सगळे किंवा काही हक्क सोडून देऊ शकतो. काहीच केलं नाहीत तर हक्क तुमच्या वारसांकडे जातील आणि तुमच्यानंतर साठ वर्षं चालतील. त्यापुढे कविता सगळ्यांच्याच. मधला मार्ग म्हणजे मृत्युपत्र: हक्क कुणा एकाच्या नावे करायचे आणि काय करायचं ते त्यात लिहायचं. गांधींनी आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन संस्थेला दिले होते ते असेच. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदारांनी तुम्ही सही करताना बघितलेलं असावं, आणि ज्याला हक्क देणार त्याला किंवा त्याच्या बायकोला, किंवा ती स्त्री असेल तर तिच्या नवऱ्याला, साक्षीदार करू नका. नोंदणी ऐच्छिक आहे, पण तुमच्या वयाला मी करून घ्या म्हणेन, म्हणजे पुढे सहीवर शंका निघणार नाही.

नोटीस द्यायच्या आधी दोन कामं करा. एक, प्रकाशकांशी झालेले करार काढून बघा. एखाद्या संग्रहाचे हक्क तुम्ही पूर्वीच लिहून दिले असतील तर तुमच्याकडे सोडायला काही उरलेलं नसेल. दोन, मुलं, सुना, लेक, सगळ्यांना एका दुपारी घरी बोलवा, वहिनींनाही बसवा आणि कागद मोठ्यानं वाचून दाखवा. कुणी नाराज झालं तर तुमच्यासमोर होऊ दे. हस्तलिखितांचा मात्र स्वतंत्र उल्लेख करा, कारण वह्यांची मालकी वेगळी आणि छापण्याचा हक्क वेगळा. टॉलस्टॉय गेल्यावर मायलेकींत जो वाद झाला तो संग्रहालयात ठेवलेल्या हस्तलिखितांवरून. कोणत्या वह्या, कुठल्या कपाटात, कुणाकडे जायच्या, एवढं ओळीनं लिहा. मसुदा माझ्याकडे पाठवलात तर बघून देईन, फी नको.